वळून पाहिलं म्हणून

८ नोव्हेंबर
दुपारी पिको करत होते, मांडीवरचा फोन थरथरला. शाळेतल्या मैत्रिणीचा, कल्पनाचा मेसेज. सगळ्या अपंगांची फेरतपासणी होणार, जुनी सर्टिफिकेटं चालणार नाहीत, टक्क्यांची अट वाढणार, बसणार नाहीत त्यांचा पगार बंद. कुणी पाठवलं विचारलं तर ग्रुपवर आलं म्हणे. सात-आठदा वाचला. खोटा असेल, असे खूप येतात. तरी साडीचा काठ वाकडा गेला, उसवावा लागला.
माझं सर्टिफिकेट जुनं. हाताने लिहिलेलं, लॅमिनेशनच्या आत शाई जांभळी झालेली. 'श्रवण' एवढंच धड वाचता येतं.

९ नोव्हें.
खोटा नाही. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागलाय, दादा वाचून आला. तपासणीचं नक्की आहे. अट वाढवायचं त्यात नाही, पण 'वर विचार चालू आहे' असं शिपाई म्हणाला. वर म्हणजे कुठे? आणि हा विचार थांबणार कधी?
मायला सांगितलं. ती डाळ निवडत होती. निवडतच राहिली. नंतर पाहिलं तर खड्यांच्या ढिगात निम्मी डाळच होती.

१० नोव्हें.
दर महिन्याच्या या सरकारी पैशाला गावात सगळे पगारच म्हणतात. सरकारी कागदावर दुसरं नाव आहे, त्यात 'निराधार' येतं, ते मला आवडत नाही. पगार बरा. पगार म्हटलं की बाई कामाला जाऊन आल्यासारखी वाटते.
पिको-फॉलवर लग्नसराईत भागतं, एरवी नाही. वहिनी चांगली आहे, खोटं कशाला लिहू. पण मी चौतीस वर्षांची, भावाच्या घरात. वहिनी कायम चांगली राहावी यासाठी माझ्या हातात काहीतरी हवं. पगार गेला तर ती काही बोलणार नाही. ती बोलणार नाही याचीच भीती वाटते.

१४ नोव्हें.
शिपाई दारात आला. तोंड दुसरीकडे करून बोलत होता, दोनदा 'इकडे बघून बोला' म्हणावं लागलं. तेव्हा कुठे ओठ दिसले. तपासणीची तारीख कळवायला ऑफिसातून मला तीनदा फोन केला, मी उचलला नाही, म्हणून नावापुढे 'संपर्क नाही' लिहिलंय.
बहिऱ्या बाईला फोन. मी हसले, दादाही हसला. मग दोघांचंही हसू गेलं, कारण संपर्क नाही म्हणजे नाव बाद. दादा तसाच गाडी काढून नंदुरबारला गेला, स्वतःचा नंबर देऊन आला. तारीख २४.

१७ नोव्हें.
गल्लीभर सल्ले. सगळ्यांचा एकच : तिथे बोलू नको. बोलते त्याअर्थी ऐकूही येत असेल, असंच धरतील.
आठव्या वर्षी मोठा ताप आला आणि कान गेले. तोवर बोलता येत होतं, ते राहिलं. राहिलं म्हणजे मायने ठेवलं. रोज दिवेलागणीला माझा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवायची, एक शब्द म्हणायची, मग तोच हात माझ्या गळ्यावर. शब्द नीट येईपर्यंत सोडायची नाही. आपण ओरडतो की कुजबुजतो हे मी हाताने शिकले. शेजारणी म्हणायच्या, कशाला पोरीचा छळ करते. ती कुणाचं ऐकायची नाही. आणि घरात अहिराणीच बोलायची, म्हणून गावाचे ओठ मला वाचता येतात. शाळेची मराठी नंतरची.
आज तिनेच दार लोटलं, समोर बसली आणि सावकाश म्हणाली, "सरू, तठे तोंड उघडू नको. मुकी शे आसं दखाड."
मी म्हटलं, "तूच ना मले बोलती ठेवी?"
"मन्हीच चूक व्हयनी," म्हणाली.
माय असं कसं म्हणू शकते? एवढ्या संध्याकाळी घालवल्या तिने. चूक म्हणे. मला तिचा राग आला आणि लगेच तिची दया आली. घाबरलीय, दुसरं काय. मीही घाबरलेच आहे.

२१ नोव्हें.
कल्पनाशी व्हिडिओ कॉल. आम्ही बहिऱ्या मुलांच्या शाळेत एका खोलीत होतो. ती जन्मापासूनची, तोंडाने बोलत नाही, आम्ही हातांनी बोलतो. आता धानोऱ्याला दिलीय, नवराही तसाच. म्हणाली, तुझं तोंड तुझा घात करील. मग फोन भिंतीला टेकवून दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून दाखवलं. हसवायला केलं होतं. मला नाही हसू आलं.
मला दुसरीच जुनी धास्ती आहे, नाव पुकारण्याची. ऑफिसात गेलं की मी पुकारणाऱ्याच्या तोंडावरून नजर काढत नाही. पाणीसुद्धा पीत नाही, उठावं लागेल म्हणून. दादा येणार आहे. नाव आलं की खांद्यावर हात ठेवायचा, ठरलंय.

२४ नोव्हें.
झालं. लिहिते, नाहीतर डोक्यात फिरत राहील.
शिबिर एका मंगल कार्यालयात होतं. टेबलं स्टेजवर, जिथे नवरा-नवरी बसतात तिथे. खाली आम्ही दीडशे-दोनशे जण. काठ्या, चाकाच्या खुर्च्या, पोरांना पाठुंगळीला घेतलेल्या आया. कुणी कुणाशी फार बोलत नव्हतं. दुपारी दादाचा हात खांद्यावर आला. स्टेजच्या पायरीशी सगळे चपला काढत होते, मीही काढल्या. लग्नाच्या स्टेजवर चपला घालून कोण जातं?
डॉक्टर कागद बघत होते. एक गृहस्थ माझ्या मागे गेला. मी तोंड घट्ट मिटून समोर बघत उभी. मायचं ऐकायचं ठरवलं होतं. आणि एकदम तळपायांना दणका बसला, फळ्या हलल्या. मी वळले.
कोण नाही वळणार? पायाखालचं लाकूड हललं तर. त्याने लोखंडी पेटी खाली टाकली होती. माझ्याकडे बघून हसला आणि डॉक्टरांना म्हणाला, ओठ स्वच्छ दिसले, "येतंय की ऐकू."
मग मी दुसरी चूक केली. म्हणाले, "साहेब, ते पायांना कळलं. लाकूड हललं." मोठ्याने बोलले असणार, खालची माणसं माना वर करून बघायला लागली. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. वाईट नव्हते, थकलेले होते. त्यांनी लिहिलं ते मला उलटं वाचता आलं. 'आवाजाला प्रतिसाद. बोलणे स्पष्ट. मशीन तपासणीसाठी पाठवावे. तोपर्यंत स्थगित.'
स्पष्ट. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या बोलण्याला स्पष्ट म्हटलं.

२५ नोव्हें.
काल एक गोष्ट लिहिली नाही.
परतताना बसमध्ये दादाने तिकिटं काढली. मग माझ्याकडे वळून बसला. "सरू, खरं सांग. तुले थोडंफार ऐकू येस का?"
जो मला तापात कडेवर घेऊन डॉक्टरांच्या पायऱ्या चढला, त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. त्याने मान हलवली. पण विचारलं ना.

२८ नोव्हें.
मशीनवर बसले होते. समोरच्या भिंतीवर दादाची सावली. तिने दोन्ही हात वर केले आणि टाळी वाजवली. मग पुन्हा. मी मान वर केली नाही, शिलाई करत राहिले. सावली थोडा वेळ थांबली आणि गेली.
काय करू? वळले असते तर ऐकू येतं, नाही वळले तर नाटक. त्याला दोष तरी कसा देऊ, गावात त्याला विचारत असतील. एकाने तर तोंडावर विचारलं म्हणे, इतकी वर्षं खाल्लं ते परत करावं लागेल का.

२ डिसेंबर
आता घरातही चप्पल घालते. मशीनच्या पायपट्टीखाली गोणपाट घातलंय. दारावर थाप पडली तर खाटेत कळते, तरी उठत नाही. वहिनीने विचारलं बरं नाही का. म्हटलं थंडी.
वळायचं नाही. कशालाही वळायचं नाही. सराव करतेय. कान नसलेल्या माणसाने काय काय बंद करायचं अजून?

६ डिसें.

दुकानातून दोरे घेऊन येत होते. ऊसतोडीचे दिवस, रस्त्यावर ट्रॅक्टर चालूच. मागून जमीन थरथरली. मला कळलं, नेहमीच कळतं, मी बाजूला होते, याच्यावरच इतकी वर्षं रस्त्याने चालले. आज पारावर चार-पाच जण बसून माझ्याकडेच बघत होते. मी बाजूला झाले नाही. वाटलं, झाले तर उद्या गावभर होईल, हिला ट्रॅक्टर ऐकू येतो. थरथर पायातून गुडघ्यापर्यंत आली आणि मी सरळ चालत राहिले.
पारावरच्या एकाने धावत येऊन ओढलं. उसाची मोळी दंडाला घासून गेली. तो तोंड वाकडं करून शिव्या देत होता, आणि मला वाटत होतं, बरं झालं, आता तरी खात्री पटली असेल.
असं वाटलं मला. मरता मरता वाचले आणि असं वाटलं. मला माझीच भीती वाटायला लागलीय.

७ डिसें.
मायने दंडाला हळद लावली. कसं झालं विचारलं नाही. चप्पल मात्र उचलून बाहेर ठेवली. गोणपाटही काढलं. तिला सगळं कळतं.

११ डिसें.
पगार आला नाही. बँकेत दोनदा जाऊन आले. कॅशियर काचेपलीकडून काहीतरी म्हणाला, काचेवर ऊन होतं, ओठ दिसले नाहीत. पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. पासबुक उघडल्यावर कळलं.
कल्पनाचा आला. तिची तपासणी माझ्या आधीच झाली होती, ती वळली नव्हती, तिच्या वेळी पेटी फरशीवर टाकली होती. फरशीवर. मी तिला लिहिलं, तुझं नशीब. तिला ते लागलं. दिवसभर उत्तर नाही. संध्याकाळी तिने लिहिलं, नवऱ्याचं अजून बाकी आहे, मी पण झोपत नाही. मी माफी मागितली. एकमेकींवर उठायची वेळ आणली या लोकांनी.

१५ डिसें.
दादाच्या फोनवर कळवलं. धुळ्याला, २३ तारखेला. कपाळाला आणि कानामागे तारा लावतात, कानात आवाज सोडतात, मेंदूपर्यंत पोचतो का ते मशीन बघतं. काही विचारत नाहीत, सांगायचं नाही, वळायचं नाही. नुसतं पडून राहायचं. वहिनी म्हणाली, मग आता कसली चिंता. खरं आहे. कसली चिंता?

२२ डिसें.
चिंता अशी. मशीन खोटं बोलत नाही असं सगळे सांगतात, आणि मी हल्ली स्वतःवर विश्वास ठेवत नाही. सव्वीस वर्षांत पुन्हा तपासलं कुणी? थोडं काही शिल्लक असेल तर? अट वाढली आणि मी एका टक्क्याने बाहेर गेले तर? मग मी कोण, ऐकणारी की न ऐकणारी? ऐकणाऱ्यांत मला कुणी घेणार नाही.
आणि एक, जे कुणालाच सांगितलेलं नाही. माय मला शेतातून हाक मारायची, 'सरूऽऽऽ', शेवट उंच जायचा. ती हाक मला अजून येते. भाकरी थापताना, बसमध्ये, केव्हाही. ती डोक्यात येते की कानात, मला काय ठाऊक? मी ती जपलीय. उद्या तारा लावल्यावर ती आली तर मशीन काय लिहील?
आज दिवसभर म्हणत होते, उद्या येऊ नको गं. मायच्या हाकेला असं म्हणावं लागलं.

२३ डिसें.
घरी आलो. जेवण व्हायचंय. माय चुलीपाशी. मी खाटेवर बसून लिहितेय.
तपासायला बाई होती, तरुण, तोंडावर मास्क. पाटीवर लिहून दाखवलं : डोळे मिटा, हलू नका. डोळे मिटले की माझं सगळंच संपतं, समोर कोण आहे, सुरू झालं की नाही, काहीच नाही. किती वेळ गेला माहीत नाही. हाक आली की नाही तेही नक्की सांगता येत नाही. भीतीने दात आवळले होते, जबडा अजून दुखतोय.
नंतर ती दाराशी दादाशी बोलली. मास्क हलत होता. बराच वेळ हलत होता. दादा ऐकत होता, एकदा माझ्याकडे बघून लगेच खाली बघितलं. बाहेर आल्यावर विचारलं, काय म्हणाल्या? म्हणाला, "काही नही. कागद ऑफिसले जाई."
एवढं सांगायला एवढा वेळ लागत नाही. लोक मला लांबलचक गोष्टी दोन शब्दांत सांगतात, त्याची सवय आहे. दादा सांगत नाही तसं. बस दोंडाईच्याला पोचेपर्यंत वाट पाहिली, मग पुन्हा विचारलं. खिडकीबाहेर बघत राहिला.
आमच्या घरात एक रीत आहे, मायने घातलेली. मी खोलीत असले की कुणी माझ्याकडे पाठ करून बोलायचं नाही. भांडतानासुद्धा नाही. वहिनी नवीन आली तेव्हा पहिली हीच गोष्ट शिकली.
आत्ता दादा चुलीपाशी जाऊन बसलाय, मायजवळ. पाठ माझ्याकडे आहे. त्याचे खांदे हलताहेत, म्हणजे बोलतोय. मायचा हात पिठात तसाच थांबलाय. तीही माझ्याकडे बघत नाही.
हाक मारावी का? मारली तर तो वळेल, आणि मग मला सगळं कळेल.