मागचं डावं चाक

लानचौ, हमरस्ता ३१२

बाबांना आणि आईला रुईयुनचा वाकून नमस्कार.

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन माहेरी जेवायला यायची आपली रीत. ताओचं गाव हामी इतकं लांब की ती पाळता यायची नाही, म्हणून तुम्ही या लग्नाला नाही म्हणालात. मी पाळतेय. तिसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही ट्रकमध्ये बसलो. रस्ता लांब आहे, त्याला मी काय करू?

ताओ जपून चालवतो. वाळवंटात वारा होता, पण कळवण्यासारखं काही झालं नाही. मी पोटभर जेवते. आईचा गुडघा कसा आहे? आणि तुमचा खोकला?

वाटेत शीआनला खरबुजं उतरवायची आहेत, म्हणून पत्र आमच्या आधी पोचेल. तुमच्यासाठी दोन खरबुजं आणि दारूच्या दोन बाटल्या बाजूला ठेवल्यात, रीतीप्रमाणे जोडीनं. ताओ विचारतो, "सासरे हाकलतील का गं?" मी म्हटलं, "हाकलतील. तू हलू नकोस."

त्याला उंबरठा ओलांडू देणार नाही, असं तुम्ही मावशीला सांगितलंत म्हणे. नका देऊ. पण तुमचं पंक्चरचं दुकान याच रस्त्यावर आहे, आणि दारात आलेला ट्रक तुम्ही आजवर परत पाठवलेला नाही.

आमचं मागचं डावं चाक हळूहळू हवा सोडतंय. ताओ रोज हवा भरतो आणि पंक्चर इथेच काढून घेऊ म्हणतो. मी त्याला बजावलंय, ते माझे बाबा काढतील.

तुमच्याइतकीच हट्टी,
रुईयुन