चटईवर मी एकटी

संकेश्वर, ऑक्टोबर १९२१

तीर्थरूप आप्पांस सुलोचनाचा प्रभूच्या नावानं सलाम.

आम्ही समदी बरी हाय. धाकट्या हन्नाला हिवताप आलता, आता कमी हाय. आईचा गुडघा कसा हाय?

इथं मंडळीत नवा उपदेशक आलाय. औषध घेणाऱ्याचा विश्वास खोटा, म्हणतो. लोकांनी हिवतापाच्या औषधाच्या, कोयनेलच्या, पुड्या विहिरीत टाकल्या. तुमच्या उपदेशानंतर कुणीबी "कुठं लिहिलंय?" विचारायचं आणि तुम्ही शास्त्राचं पान उघडून दाखवायचा. तसं मी रविवारी विचारलं. त्यानं पुस्तक मिटलं. म्हणाला, "देव माझ्या कानात बोलतो. हिच्यात सैतान शिरलाय." सगळे चटईवर माझ्यापासनं सरकले, तुमचे जावईबी. तवापासनं पाण्यालाबी मी एकटीच जाते.

वर हन्नाचा ताप कमी लिहिला, पण खरं सांगते, रोज चढतोय. एक पुडी मी जोंधळ्याच्या कणगीत लपवली हुती. काल ती ह्यांच्या हाताला लागली. ह्यांनी दाराकडं बघितलं, पुडी उघडली आणि हळूच म्हणाले, "पाणी आण."

रविवारी मी परत विचारणार हाय. लई भ्या वाटतंय. जमलं तर तुम्ही या, न्हाईतर चटईवर आम्ही दोघं बसू.

तुमच्या प्रार्थनेत आमची नावं घ्या.

तुमची लेक,
सुलोचना