ग्लॅम मेटलसाठी कापलेला टोप

बाबा, ग्लॅम मेटल म्हणजे काय, हे तुम्ही मला आयुष्यात एकदाच विचारलं होतंत आणि मी तुमच्या अंगावर खेकसलो होतो. तुम्हाला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. आज लिहायला बसलो आहे ते त्या प्रश्नाबद्दल आणि तुमच्या केसांच्या टोपाबद्दल, कारण एकाबद्दल बोलायचं तर दुसऱ्याला टाळता येत नाही. टोपाबद्दल तुमच्याशी मी कधी बोललोच नाही. तुम्हीही बोलला नाहीत, आणि हे मला तेव्हा फार सोयीचं वाटलं होतं.

ऊर्जानगरच्या, वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या, क्वार्टरचं ते स्वयंपाकघर. तुम्ही पहिली पाळी करून आलेले, आंघोळ झालेली, तरी कोळशाच्या पट्ट्यावरची काळी धूळ पापण्यांच्या कडेला राहिलेलीच. आई भात वाढते आहे. माझ्या हातात कॅसेटमधला घडीचा कागद आहे आणि त्यावर चार गोरे लोक, ओठ रंगवलेले, केस पिंजारलेले. तुम्ही हात पुसून कागद मागता, दिव्याखाली लांब धरून बराच वेळ पाहता आणि म्हणता, "ह्या चौघीत तिसरी बरी हाये. बाकीच्यायनं हनुवटीखाली सावली नाई देल्ली. अन हात पाय कसे, हमालावानी." मी कागद हिसकावून घेतला. "बाबा, ते मानसं होत! बाया नाई होत!" तुम्ही शांतपणे भात कालवत म्हणालात, "मंग मी काय होय?" आईचा पळा पातेल्यातच थांबला.

घरातल्या तिघांना जे माहीत होतं ते ऊर्जानगरात कोणालाच माहीत नव्हतं. दरवर्षी दिवाळीनंतर तुम्ही रजा टाकून आरमोरीजवळच्या आपल्या गावी जायचात. मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, गावचं मंडळ नाटक बसवायचं आणि त्यात नायिका तुम्ही. आजूबाजूच्या मंडळांनी कधीच नट्या आणायला सुरुवात केली होती, पण आपल्या गावाला तुमच्याशिवाय करमत नव्हतं. तुम्ही रडलात की पुढच्या ताडपत्रीवरच्या बाया पदर डोळ्याला लावायच्या, हे मी लहानपणी पाहिलेलं आहे आणि अभिमानाने पाहिलेलं आहे. मग मला मिसरूड फुटलं आणि अभिमान गेला. पोरांनी विचारलं की मी सांगायचो, बाबा धान कापायला गावी जातात.

तुम्ही त्या दिवशी चिडला नाहीत. "याले म्हनतेत काय?" एवढंच विचारलंत. मी तोऱ्यात सांगितलं, ग्लॅम मेटल. आम्हा चौघांचा गाण्याचा ग्रुप होता ना, त्याच्या कट्ट्यावर महिनाभर हाच खल चालला होता. पुण्याहून बदलून आलेल्या एका इंजिनियरचा मुलगा आमचा म्होरक्या, कारण कॅसेटी त्याच्या आणि गिटारही त्याचीच. मी गायचो, आवाज तुमचा घेऊन. कंपनीच्या बसथांब्यामागच्या पुलाच्या कठड्यावर बसून कोण ग्लॅम आणि कोण नाही याचा निवाडा व्हायचा. नुसता चेहरा रंगवून भागत नाही, कारण चेहरा रंगवून मढ्यांची आणि सैतानाची गाणी म्हणणारेही असतात. नुसती गिटार किंचाळली म्हणूनही नाही, काळ्या कपड्यांतले दांडगेही ते करतात. गिटार किंचाळली पाहिजे आणि तरी धृपद इतकं गोड पाहिजे की कँटीनवाल्याला दुसऱ्या वेळी म्हणता यावं. शब्दांत पोरी, मोटारी आणि मजा. कॅसेटवर एक तरी संथ गाणं, ज्यात तेच मस्तवाल लोक रडकुंडीला येतात. अंगाला चिकटलेले चकचकीत कपडे. आणि केस, खांद्याखाली, थराथरांनी कापलेले, फवारा मारून उभे केलेले. एका ग्रुपने दुसऱ्या कॅसेटला ओठ रंगवणं सोडलं तर तो ग्लॅममध्ये धरायचा की नाही, यावर आमचं तीन दिवस भांडण चाललं. म्होरक्या म्हणे नाही, मी म्हणे हो, गाणं तर तेच आहे. अमेरिकेत तोवर ही सगळी फॅशन आटोपली होती असं मला फार उशिरा कळलं. आम्हाला कोणी कळवलंच नव्हतं.

हे सगळं तुम्ही तालमीत संहिता ऐकावी तसं ऐकून घेतलंत. हात धुतलेत, पुन्हा कागद मागितलात. मग जे म्हणालात ते आमच्या कट्ट्यावर कोणाला सुचलं नव्हतं. "म्हंजे हे बाई बनून नाई राह्यले. मानूस राहूनच नटून राह्यले. हे मोठं काम होय बापू. मले तं पदर घेतल्याबिगर कधी नटता नाई आलं." आम्ही केस आणि कपडे मोजत बसलो होतो. आज कोणी मला विचारलं तर मी तुमचंच उत्तर देईन. त्या दिवशी मी खेकसलो, "तुम्हाले काई समजत नाई," आणि उठून गेलो.

दुर्गा उत्सवात क्लबच्या हॉलमध्ये आम्हाला तीन गाणी म्हणायला मिळाली. बाकी तिघांचे केस मानेपर्यंत आलेले, मी एनसीसीत असल्यामुळे माझं डोकं भादरलेलं. मी तुमच्याकडे टोप मागितला. पेटी उघडून तो तुम्ही दोन्ही हातांनी काढलात. खऱ्या केसांचा, कमरेपर्यंत लांब, तुम्ही स्वतः जाळीवर एकेक बट ओवून केलेला. "सांभाळून वापर. मंडईले लागते मले." मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पाळीवर आणि आई बाजारात असताना मी तो खिडकीच्या गजाला टांगला, आईची कात्री घेतली आणि कापला. वरचे केस चार बोटं, खालचे वीतभर, थराथरांनी. मग साखरेचं पाणी लावून उभे केले. जमिनीवर पडलेले केस वर्तमानपत्रात गुंडाळून बाहेर नेऊन टाकले.

कार्यक्रमाच्या दिवशी रंगवायला तुम्हीच आलात. आम्ही आयांच्या लिपस्टिका फासून बसलो होतो, घामाने सगळं ओघळत होतं. म्होरक्याच्या व्हरांड्यात तुम्ही सगळ्यांचे चेहरे धुवायला लावलेत, खोबरेल चोळलंत, त्यावर सफेदा आणि पिवडी, गालाखाली सावली, डोळ्यांत काजळ असं ओढलंत की बाकी तिघं आरसा एकमेकांच्या हातून ओढू लागले. म्होरक्या म्हणाला, "काका, हे कुठे शिकलात?" तुम्ही तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "बाबा गणपती रंगवतात." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "हो," म्हणालात, "मूर्त्या रंगवतो." मग माझी पाळी आली आणि मी पिशवीतून टोप काढला. तुमचा कुंचला हवेतच थांबला. मी खाली पाहत होतो. नंतर तुमची बोटं माझ्या कानामागे आली, एकेक पिन लागली. "मान सरळ ठेव," एवढंच म्हणालात. आम्ही गायलो, हॉलने टाळ्या वाजवल्या, आणि मला त्यातलं एकही गाणं आता धड आठवत नाही.

सकाळी आईने टोप पाहिला. "काऊन कापलं रे? हे माहे केस होत!" तेव्हा मला कळलं. वर्षानुवर्षं ती विंचरून झालं की गुंतवळ भांडीवालीला न देता डब्यात ठेवायची, आणि त्याच गुंतवळातून तुम्ही टोप केला होता. ती मला मारायला धावली आणि तुम्ही मध्ये आलात. "राहू दे. त्यायच्यात तसेच केस लागतेत म्हने. नियम हाये त्यो." माझ्यावर खेकसला असतात तर बरं झालं असतं, बाबा. माझीच दीडशहाणी व्याख्या तुम्ही माझी ढाल म्हणून पुढे केलीत, आणि मी तिच्यामागे उभा राहिलो.

मंडईला मंडळाने वडशाहून नायलॉनचा टोप भाड्याने आणला. आई सांगते, तुम्ही तो चढवलात, आरशात पाहिलंत आणि उतरवून ठेवलात. ऐन वेळी भावकीतल्या एका पोराला उभं केलं, लोक हसले. पुढच्या वर्षी नागपूरहून नटी आली. तुम्ही त्यानंतरही दरवर्षी गेलात, पडद्यामागे बसून दुसऱ्यांचे चेहरे रंगवायला. तालुक्याच्या दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही नायिकेची पदं पुटपुटत होतात, आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने ओळखून विचारलं, तुम्ही तेच का? तुम्ही हो म्हणालात. मी तिथेच मोसंबी सोलत बसलो होतो आणि मला इतकी लाज वाटली, तुमची नव्हे, माझी, की उठून बाहेर गेलो.

आता जे सांगायचं ते सांगतो. ग्लॅम मेटलच्या केसांसाठी टोप कापायची काही गरज नव्हती. म्होरक्यानेच सांगितलं होतं, कापू नकोस, मागे बांधून वरचे फुगवू, चालून जाईल. पण त्याच दिवशी तो आणखी एक गोष्ट बोलला होता. त्यांचा ड्रायव्हर आरमोरीकडचा. त्याने सांगितलं होतं की तिथल्या एका गावात ऊर्जानगरचा कोणी माणूस बाई होतो आणि अख्ख्या मंडईला रडवतो. म्होरक्याच्या वडिलांनी गाडी काढायचं कबूल केलं होतं. यंदा आपण चौघंही बघायला जाऊ, म्हणाला, तुझंच गाव ना तिकडे? मी हो म्हणालो आणि घरी येऊन कात्री शोधली.

आई अजून आहे. कधी विषय निघाला की म्हणते, पोट्टं अडानी होतं, त्याले का समजते. मी तिला तसंच म्हणू देतो. हे पत्रही तिच्या हाती लागणार नाही अशाच ठिकाणी ठेवणार आहे.