नाकतोड्याची ज्वारी

कडगंची
ता. ३ डिसेंबर १९५२

चि. दानम्मा हिस अण्णाचे आशीर्वाद. वि. वि.

सुगी आटोपली, पेव गळ्यापर्यंत भरले. तुझ्या वहिनीची कंबर धरली आहे, पण जिभेला आराम नाही, तेव्हा काळजी नसावी.

परवा आपले निंगप्पाकाका एकतारी खांद्याला लावून दारात उभे. थंडीभर राहतो म्हणाले. सगळे ज्वारी काढत होते तेव्हा हे गावोगाव भजने गात फिरले, एक दिवस विळा हाती धरला नाही. मी साफ सांगितले, औंदा जमायचं न्हाई. आल्या पावली परत गेले. मठाच्या ओसरीवर झोपतात म्हणे. या वयात थंडी सोसणार नाही हे मलाही कळते, पण कुणीतरी कठोर व्हायलाच हवे.

तू आता खटकचिंचोळीची मास्तरीण. मुलींना मुंगी आणि नाकतोड्याची गोष्ट सांग. हवे तर नाकतोड्याचे नाव निंगप्पा ठेव! पाय झाकून नीज. लोभ आहेच.

तुझा,
चनमल्लप्पा

खटकचिंचोळी
ता. १२ डिसेंबर १९५२

ती. स्व. अण्णांस दानम्माचे शरणार्थी नमस्कार. वि. वि.

तुमची गोष्ट सांगितली आणि फसले. गात राहिलेला नाकतोडा थंडीत मुंगीच्या दारी आला, मुंगीने उपाशी परत पाठवले, यातून काय शिकायचे, असे विचारले. गुरप्पा तेल्याची गुरुबाई उठली आणि म्हणाली, बाई, मुंगीच्या घरी दासोह करत न्हाईत का? दारी आलेल्याला जेवू घालायचे, हे तिने घरी रोज पाहिलेले. दुसरीने विचारले, मुंगीच्या लग्नात गाणी कुणी म्हटली? सगळ्यांनी मुंगीलाच दोष दिला. मी फळ्यावरचा बोध पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकीने ओच्यातून मूठभर ज्वारी आणली, नाकतोड्याला द्या म्हणून. माझ्या टेबलाखाली अर्धी पाटी ज्वारी आहे आणि शाळेचे उंदीर खूश आहेत.

अण्णा, मला तुमचा रागच आला आहे. अव्वा गेली, मी आईविना झाले, तेव्हा मला रोज गाऊन कुणी निजवले? ज्वारी कुठे पाठवू, एवढे कळवा. नाकतोड्याचा पत्ता तुम्हाला ठाऊक आहे. वहिनीस शरणार्थी. मी रागावले तरी तुमची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची धाकटी,
दानम्मा

कडगंची
ता. २० डिसेंबर १९५२

चि. दानम्मा हिस आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र वहिनीला वाचून दाखवले. ती चुलीपुढून उठलीच. म्हणाली, काकास्नी आणल्याबिगर भाकर थापायची न्हाई. पोटाचा प्रश्न, निघालो. पण खरे सांगतो, त्या पोरीच्या प्रश्नाने आधीच मान खाली गेली होती. आपले अप्पा असते तर पहिली भाकरी त्यांच्या या भावाच्या ताटात पडली असती.

काका मठात खोकत बसले होते. घरी चला म्हटले, तर म्हणाले, भजन संपू दे. तासभर बसवून ठेवले मला! वाटेत त्यांना तुझी गोष्ट सांगितली. पोट धरून हसले. म्हणाले, नाकतोड्याचंबी चुकलंच की, दारात मागायचं कशाला, गायचं होतं.

आता ते आपल्या पडवीत शेकोटीजवळ असतात. खोकला उतरतो आहे. मुलींच्या ज्वारीच्या लाह्या करून मुलींनाच दे. त्यांना सांग, मुंगीनं दार उघडलं. नाकतोडा तिच्यापेक्षा दोन भाकरी जास्त खातो, हेही सांग. राग गेला असेल तर संक्रांतीला ये.

तुझा मुंगीअण्णा,
चनमल्लप्पा