बोट ठेवा, घर ओळखा

३ मार्च, सोमवार
माझा नकाशा आज टालबर्ट काउंटीच्या वेबसाइटवर गेला. घरावर बोट ठेवा. मालक कोण, घर राहतं की पडीक, सगळं हजर. पडीक घरं पाडणाऱ्या ठेकेदाराला आता कागद घेऊन भटकायला नको, असं साहेबांना छातीठोक सांगून टाकलं. संकल्प: बढती मिळाल्यावर नम्र राहायचं.

५ मार्च
शेजारच्या टेबलावरची फर्न म्हणते, तिच्या घरावर बोट ठेवलं की शेजाऱ्याचं नाव येतं. येणारच. लोकांची बोटं जाड, म्हणून माझा नकाशा बोटाच्या आजूबाजूची घरंही धरतो आणि सर्व्हर जी यादी पाठवतो त्यातलं पहिलं दाखवतो. पहिलंच का, असं तिने विचारलं. म्हटलं, कुठलं तरी दाखवायला हवं ना! जळते बाई, दुसरं काय.

१० मार्च, दुपार
आईचा फोन. तिच्या घरावर 'हॅस्केल, पडीक, पाडणे' येतंय. म्हटलं, अगं, ते शेजारच्या मेलेल्या हॅस्केलचं. झूम कर. ती म्हणाली, क्लाइड, मी इथे बीन्स शिजवतेय, पडीक कशी रे? म्हटलं, तुला बोट नीट टेकवता येत नाही, त्याला मी काय करू? फोन ठेवला. दुरुस्ती शुक्रवारी. आज ऑफिसात केक आहे.

१४ मार्च, शुक्रवार
दुरुस्ती सोमवारी. आज ओहायोच्या परिषदेसाठी भाषण लिहिलं. विषय: 'चूक अशक्य'.

१८ मार्च
आई चर्चमध्ये सूप वाढायला गेली होती. ठेकेदार तिच्या दारात उभा राहिला, फोनवर माझा नकाशा उघडला, घरावर बोट ठेवलं. हॅस्केल, पडीक. पाडून मोकळा. बोट खरंच जाड आहे त्याचं, मी बघितलं.
हॅस्केलचं घर जसंच्या तसं उभं.
आई रिकामं पातेलं धरून रस्त्यात उभी होती. माझ्याबरोबर आलेल्या फर्नला म्हणाली, हा शाळेत जायला लागला तेव्हा घरचा पत्ता मीच पाठ करून घेतला होता.

१९ मार्च
खूप रडलो. मग दुरुस्ती केली: यादीतलं पहिलं नाही, बोटाखालचं घर दाखवायचं. कॉफी गार व्हायच्या आत झाली. आईच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. लगेच आलं: लोरेटा पेक, राहतं घर, स्थिती उत्तम.
माझ्या घरी सोफ्यावर बसलेल्या आईपुढे फोन धरला. बघ, आता अगदी बरोबर येतंय.
ती म्हणाली, झूम कर.
केलं. नकाशामागच्या, विमानातून काढलेल्या जुन्या फोटोत तिच्या घराचं छप्पर अजून होतं.