सोमवारच्या आत नऊ रचना

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार. (वाकलं की दात ठणकतात, म्हणून बसल्या बसल्याच घातला आहे, मानून घे.) तुझी पाठ, वहिनीचे गुडघे आणि मांजर, तिघांची खुशाली विचारतो. सात वर्षांत माझ्या एकाही पत्राला तू उत्तर दिलं नाहीस, तेव्हा सगळं उत्तम आहे असं धरून चालतो.

इकडची बातमी अशी, की अठ्ठावन्नाव्या वर्षी माझा पहिला अल्बम निघतो आहे. हॉटेलच्या लॉबीत तीस वर्षं लोकांच्या सूपमागे जॅझ वाजवल्यावर (एकानेही कधी चमचा खाली ठेवला नाही) आता नऊ रचना, सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट दोन्ही मीच. घाईचं कारण कला नव्हे. दातांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि हिरड्यांखालचं हाड गेलंय, वरचे सगळे दात सोमवारी काढायचे, असं सांगितलं. मी विचारलं, मग वाजवायचं कसं? ते म्हणाले, जेवता येईल.

तेव्हापासून दात आणि मी अशी शर्यत लागली आहे. स्टुडिओ टायरच्या दुकानावर. खाली हातोडा पडला की वर ताल चुकायचा; दुसऱ्या दिवसापासून ड्रमवाला हातोड्यालाच धरून वाजवू लागला आणि खरं सांगायचं तर सुधारला. बायको दुधात भिजवलेला पाव देते आणि त्याला जेवण म्हणते. (तिला रात्री रडताना ऐकलं. मी झोपल्याचं सोंग केलं.)

तिसऱ्या दिवशी क्लॅरिनेट वाजवताना (तुझंच, ‘सांभाळायला’ म्हणून मी आणलेलं) पुढच्या दातातून अशी कळ गेली, की वरचे दात माउथपीसवर टेकवेनात. मग खालच्यासारखा वरचा ओठही दातांवर दुमडला आणि तसंच रेटलं. आवाज मऊ झाला, जरा थरथरता. संपल्यावर आपला जुना बासवाला म्हणाला, “हे तर दादांसारखं वाजलं.”

दादा, तुझे दात गेले त्या वर्षी तू असाच ओठ दुमडून वाजवायचास. आणि लॉबीमागच्या खोलीत बँडमधल्या चार जणांना हसवायला मी म्हणालो होतो, “दादा आता बाटलीने दूध पितो.” तू दारातच उभा होतास. क्लॅरिनेट टेबलावर ठेवून निघून गेलास, आणि आठवड्याच्या आत बँडमधल्या तुझ्या खुर्चीवर मी बसलो. त्याची मला लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती, हेही लिहून ठेवतो.

आठ रचना झाल्या. नववी राहिली आहे. पाठीला जप.

तुझा धाकटा
(हा शब्द अजून चालत असेल तर)

ता. क. तुझी कवळी कुणी बसवली त्याचा पत्ता कळव. पत्र खरं तर तेवढ्यासाठीच.

ता. क. २. वरचं वाक्य खोटं आहे. पत्र घेऊन येणाऱ्याजवळ तुझं क्लॅरिनेट दिलं आहे. शनिवारी सकाळी दहाला नववी रचना आहे. कवळी घरी ठेवलीस तरी चालेल. हसायला कोणाची बिशाद आहे, सोमवारपासून मीही बोळकाच असणार.

ता. क. ३. कव्हर छापून आलं. नवव्या रचनेत क्लॅरिनेटपुढे तुझं नाव आहे. नाही आलास तरी खोडणार नाही. तुझ्या जागा मोकळ्या सोडून वाजवीन. ऐकणाऱ्यांना वाटेल, म्हाताऱ्याचा दम संपला.