दणक्याची खबर

आदिलाबाद,
१९ जानेवारी २००२

चि. सौ. विनोदिनीस,

बाबांचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. सूर्यनारायणरावांना नमस्कार सांग. आम्ही दोघं ठीक आहोत. थंडीनं मात्र यंदा कहर केलाय, बोटं वाकत नाहीत, तेव्हा अक्षराला हसू नकोस. तिळगूळ पाठवायचा राहून गेला.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी येऊ का, असं तू विचारलंस. इतका साधा प्रश्न, आणि पत्र वाचल्यापासून मी घरात फेऱ्या मारून राह्यलोय. हे लिहिता लिहितासुद्धा अंगणात जाऊन आलो. कचेरीत जन्मभर लोकांच्या अर्जांवर शेरे मारले, पण तुझ्या अर्जावर काय लिहू ते सुचेना. मंजुरी माझ्या एकट्याच्या हातात नाही, हे तुलाही ठाऊक आहे. म्हणून आधी दणक्याची खबर सांगतो.

तू काचेच्या टाकीत ठेवून गेलेल्या त्या झिंग्यासारख्या मॅन्टिस श्रिंपला आई अजून दणक्याच म्हणते. तू गेल्यावर टाकी कोणाला तरी देऊन टाका, असं ती म्हणाली होती. कोळ्याच्या जाळ्यातलं जनावर आपल्या घरात कशाला, म्हणाली. रोख सूर्यनारायणरावांच्या घराण्यावर होता, ते तुला सांगायला नको. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बाजारात दणक्यासाठी झिंगे, खेकडे घ्यायचे आणि पिशवीत वर मेथीची जुडी ठेवायची, हा माझा शिरस्ता. मागच्या आठवड्यात गल्लीतल्या भगवानरावांनी मेथी बघायला म्हणून पिशवीत हात घातला आणि केवढ्यांदा ओरडले! आता सगळ्या गल्लीला माहीत झालंय.

आईनं टाकीला हात लावला नाही, पण खुर्ची तिकडंच वळवून बसायची. दणक्यानं ठोसा मारून खेकड्याचं कवच फोडलं, की "मेल्याच्या अंगात काय जोर हाय" म्हणायची. त्याचे ते दोन डोळे दोन दिशांना फिरतात ना, त्याचं तिला भारी नवल. पुढे पुढे वीज गेली, टाकी गार पडायला लागली, की तीच तुझी जुनी शाल आणून टाकीभोवती गुंडाळायची. गेल्या एकादशीला तर मला झिंगा टाकू दिला नाही. म्हणाली, "काऊन हो, घरात सगळ्यांचा उपास अन् हा एकटाच खाणार का?" मी हसलो. त्या दिवशी दणक्यालाही उपास घडला.

दुसऱ्या दिवशी तो बिळातून बाहेरच येईना. बिळाचं तोंड त्यानं आतून खड्यांनी बुजवून घेतलं होतं. पुढे झिंगा टाकला तोही तसाच पडून राहिला. मी काचेवर बोट वाजवलं, बॅटरी मारली, काही नाही. संक्रांतीच्या सणात माझं कशात लक्ष लागेना. आईही येता-जाता टाकीशी थांबायची.

परवा सकाळी बघतो तर तो वाळूवर उताणा पडलेला. रंग उडालेला, पाय, मिशा, सगळं जागच्या जागी. झाऱ्यानं बाहेर काढला. हलकाफूल लागला हाताला, पण तेव्हा डोकं चाललं नाही. आई म्हणाली, "मीच उपाशी मारलं त्याले." त्याला तिनं आपल्या हातानं कढीपत्त्याच्या आळ्यात पुरलं आणि अंगणात नळाच्या गार पाण्यानं डोक्यावरून आंघोळ केली. बंब तापलेला होता, तरी गार पाण्यानं. मग ओल्या केसांनीच ओट्यावर बसून रडली. तुझी आई अशी रडलेली मी बघितली नव्हती, विनू. मी आत येऊन पंप बंद केला, शाल काढून घडी घातली, आणि टाकी रिकामी करायला बादली शोधू लागलो.

तेवढ्यात आईनं बाहेरच्या खोलीतून हाक मारली. बिळाच्या तोंडाशी एक खडा सरकला होता आणि आतून दोन डोळे बघत होते, एक तिच्याकडं, एक माझ्याकडं. तुझा दणक्या जिवंत होता! सापानं कात टाकावी तसं त्यानं नुसतं कवच टाकलं होतं. आम्ही दोघा शहाण्यांनी त्याचा मयताचा सोपस्कार करून टाकला. मी धावत जाऊन पंप लावला.

मला हसू आवरेना, पण आई हसली नाही. ती म्हणाली, "जित्या जीवाच्या नावानं आंघोळ केली मी. दुसऱ्यांदा केली."

आता लिहितोच. लग्न करून आलीस आणि दारातूनच परत गेलीस, त्या दिवशी तुझ्या आईनं तुझ्या नावानं अशीच आंघोळ केली होती. डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. हे तुला कधीच कळू नये असं मला वाटायचं. बायको माझी, लेकही माझीच, मी कोणाला काय सांगणार होतो?

मग तिनं मला विचारलं, "त्या आंघोळीचं काही पोरीच्या पोटातल्या जीवाले तर नाही ना बाधणार?" म्हणजे तुझं पत्र तिनं माझ्या पाठीमागं वाचलं होतं. नाही बाधत, असं मी ठासून सांगितलं. शास्त्र मला काय कळतं, पण सांगितलं. तेव्हापासून ती कामात आहे, एका जागी बसत नाही, आणि ये म्हणून लिहा असंही म्हणत नाही. तिला विचारायचा धीर मला होत नाही.

एवढं लिहून झालं आणि मी सगळं तिला वाचून दाखवलं. चिडेल असं वाटलं होतं. ती खाली बघत ऐकत होती. आता पेन मागून राह्यली आहे. काय लिहिते ते मी बघणार नाही, तसंच पाकीट बंद करून टपालात टाकतो.

तुझी वाट बघणारा,
बाबा

विनू,
यांनी लिहिलं ते सगळं खरं हाय. माझ्या हातून लिहवलं नसतं. तू सातव्यात ये, जावयाले संग घेऊन ये. इथं न्हाऊ घालायले बाई लावायची नाही. तुले अन् बाळाले मीच न्हाऊ घालीन, ऊन ऊन पाण्यानं.
आई